छावणी मोडली, रूळ राहिले

गंगाखेडहून परभणीला जाणाऱ्या आगगाडीच्या वाटेत गोदावरीचा पूल लागतो. गाडी पुलावर आली की चाकांचा नाद बदलतो आणि त्या नादासरशी डब्यातील वडीलधारी माणसे हात जोडतात. कोणी खिडकीतून एखादे नाणे पात्रात टाकते, कोणी नुसतेच नदीचे नाव घेते. संत जनाबाईच्या या गावाला नदीचे आणि नदीकाठच्या घाटांचे माहात्म्य शेकडो वर्षांचे आहे. त्या मानाने आगगाडी ही कालपरवाची पाहुणी. परंतु पाहुणी म्हणून आलेली ही बाई घरातलीच कशी झाली आणि मुळात ती आली कोणाच्या बोलावण्यावरून, हा प्रश्न कोणी फारसा विचारीत नाही. श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

आज या पुलावरून रुंद रुळाची गाडी धावते. ज्यांनी साठी ओलांडली आहे, त्यांच्या आठवणीतील गाडी मात्र निराळी होती. तिच्या दोन रुळांमधील अंतर अवघे एक मीटर, म्हणजे सव्वातीन फुटांहून किंचित अधिक. डबे लहान, इंजिन लहान, चालही बेताची. वळणावर गाडी कलली की समोरासमोर बसलेल्या उतारूंचे गुडघे एकमेकांस लागत. या लहानशा गाडीचे कूळ शोधीत मागे जावे, तर वाट शेतकऱ्याच्या खळ्याकडे किंवा व्यापाऱ्याच्या पेढीकडे जाण्यापूर्वी एका अनपेक्षित ठिकाणी जाऊन पोहोचते. ते ठिकाण म्हणजे फौजेची छावणी.

निजामाच्या राज्यात एकोणिसाव्या शतकात एक विलक्षण फौज होती. तिला हैदराबाद कंटिंजंट असे म्हणत. फौज निजामाच्या नावाची, अधिकारी इंग्रज आणि खर्च निजामाच्या तिजोरीतला! हा खर्च वेळेवर भागत नाही, एवढ्या कारणावरून 1853 साली इंग्रजांनी वऱ्हाडचा सुपीक मुलूख आपल्या ताब्यात घेतला. या फौजेचे मुख्य ठाणे सिकंदराबादजवळ बोलारम येथे होते; आणि मराठी मुलखात तिच्या छावण्या औरंगाबाद, जालना, हिंगोली व मोमिनाबाद येथे पसरलेल्या होत्या. मोमिनाबाद म्हणजेच मुकुंदराज आणि दासोपंतांचे अंबाजोगाई. योगेश्वरीच्या या गावी घोडदळाचे ठाणे होते. परळीपासून ते काही कोसांवरच आहे आणि परळी ही गंगाखेडची शेजारीण. तेव्हा गंगाखेडचा मुलूख हिंगोली आणि मोमिनाबाद या दोन छावण्यांच्या मधोमध येत असे, असे म्हणण्यास हरकत नाही.

फौज म्हटली म्हणजे तिला दाणागोटा लागतो, दारूगोळा लागतो आणि वेळप्रसंगी चटकन एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाता यावे लागते. 1857 सालच्या धामधुमीनंतर इंग्रज सरकारने आगगाडीकडे पाहिले ते प्रथम या नजरेने. मुंबईहून मद्रासकडे जाणारा लोहमार्ग निजामाच्या राज्याच्या कडेने गेला. परंतु सिकंदराबादची मोठी छावणी त्या मार्गापासून दूर राहिली. मग वाडी स्टेशनापासून सिकंदराबादपर्यंत रुंद मापाचा फाटा काढण्याचे ठरले आणि 1874 साली तो सुरू झाला. पैसा पुन्हा निजामाच्याच मुलखाचा! छावणीला आगगाडी मिळाली आणि तिच्या मागोमाग हैदराबाद शहरालाही मिळाली.

पुढे ही रेल्वे विलायतेतील एका कंपनीच्या हाती देण्याचे घाटू लागले. कंपनीच्या भांडवलावरील व्याजाची हमी राज्याने घ्यावी, अशी अट होती. ज्या कराराचा भार रयतेवर पडणार, तो रयतेस आधी दाखवावा, असे म्हणणारी माणसे त्याही काळी हैदराबादेत निघाली. त्यात अघोरनाथ चट्टोपाध्याय हे विद्वान शिक्षणतज्ज्ञ होते. सरोजिनी नायडूंचे ते वडील. चांदा रेल्वे योजना या नावाने गाजलेल्या या प्रकरणात 1883 साली अघोरनाथांना हैदराबाद सोडण्याचा हुकूम झाला. करार व्हायचा तो झालाच. निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे असे लांबलचक नाव धारण करून कंपनी कारभार पाहू लागली. या नावातील 'गॅरंटीड' हा शब्द किती महाग पडला, हे ते नाव डब्यांवर वाचणाऱ्या उतारूंना ठाऊक नव्हते.

याच कंपनीने गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाडपर्यंत दुसरा लोहमार्ग काढला. हैदराबादहून निघून निजामाबाद, नांदेड, पूर्णा, परभणी, जालना, औरंगाबाद असे टप्पे घेत तो मनमाडला मुंबईच्या मोठ्या रेल्वेस मिळतो. लांबी 391 मैल. 1899 ते 1901 या काळात तो टप्प्याटप्प्याने खुला झाला. हा काळ छप्पनच्या दुष्काळाचा, हे ध्यानात ठेवले पाहिजे. कापसाचा व्यापार वाढावा, दुष्काळात धान्य पोहोचावे, हे हेतू होतेच. पण नकाशा उलगडून पाहिले तर या रेघेवर बोलारम, जालना आणि औरंगाबाद अशी छावण्यांची नावे मण्यांसारखी ओवलेली दिसतात.

हा मार्ग मात्र मीटर मापाचा झाला. त्याची कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे. हिंदुस्थानातील पहिले लोहमार्ग साडेपाच फूट रुंदीचे होते. ते भक्कम असत, पण खर्चही तसाच येई. 1870 च्या सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी स्वस्त मार्गांसाठी मीटरचे माप पसंत केले. देशात दशमान मापे येणार, अशी त्या वेळी अटकळ होती. मापे पुढे जवळजवळ नव्वद वर्षांनी आली, रूळ मात्र लगेच आले! लष्करी अधिकाऱ्यांना ही काटकसर मुळीच रुचली नाही. दोन मापांचे रूळ जेथे भेटतात तेथे माणसे उतरवा, घोडे उतरवा, तोफा उतरवा आणि दुसऱ्या गाडीत पुन्हा चढवा, हा खटाटोप युद्धाच्या वेळी जीवघेणा ठरेल, असे त्यांचे म्हणणे होते. या आग्रहामुळेच लाहोरहून पेशावरकडे जाणारा मार्ग मीटर मापाने आरंभला असताही 1874 साली रुंद मापाचा करण्याचे ठरले. सरहद्दीला जी सवलत मिळाली ती गोदाकाठाला मिळाली नाही. मनमाडच्या फलाटावर शंभर वर्षांच्या आसपास हमालांना काम पुरले, त्याचे मूळ या निर्णयात आहे.

आता गंमत पाहा. मार्ग पुरा झाला 1901 साली. 1902 साली लॉर्ड कर्झन आणि निजाम मीर महबूब अली खान यांच्यात वऱ्हाडसंबंधी नवा करार झाला. वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमचे इंग्रजांकडे राहिले आणि 1903 साली कंटिंजंटचे वेगळे अस्तित्व संपले. तिच्या पलटणी हिंदुस्थानच्या सैन्यात मिळून गेल्या. त्यांतूनच 20 वी डेक्कन हॉर्स हे घोडदळ झाले. 1916 च्या जुलै महिन्यात फ्रान्समधील सोमच्या रणभूमीवर याच घोडदळाने हल्ला चढवला. इकडे जालना, हिंगोली, मोमिनाबाद येथील छावण्या मोडल्या. ज्या यजमानासाठी सडासंमार्जन केले, तो पाहुणी दारात येताच घर सोडून निघून गेला!

हिंगोलीचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. पूर्णेहून हिंगोलीपर्यंतचा मीटर मापाचा फाटा 1912 साली झाला, म्हणजे छावणी उठून नऊ वर्षे लोटल्यावर. गाडी आली तेव्हा कवायतीचे मैदान ओस होते. परंतु स्टेशनाबाहेर कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. औंढ्या नागनाथाचे यात्रेकरू होते, बाजाराला निघालेली माणसे होती. फौजेचे बोलावणे रद्द झाले होते. लोकांनी ते कधी न लिहिलेले आपले बोलावणे पुढे केले आणि गाडी त्यांची झाली.

गंगाखेडला गाडी पोहोचली ती याही नंतर. परभणीहून दक्षिणेकडे पोखर्णी, गंगाखेड असा फाटा परळीपर्यंत गेला, तो मीटर मापाचा. विकाराबादकडून बिदर, उदगीर, लातूर रोड असा जो मार्ग परळीस आला तो रुंद मापाचा. म्हणून परळी वैजनाथाच्या पायथ्याशी दोन मापांची भेट झाली. लातूर शहरात तर तिसरेच माप होते: बार्शी लाइट रेल्वेचे, अवघे अडीच फुटांचे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी अशी ही रेल्वे सुरू केली. पुढे ती 1906 साली पंढरपूरला आणि 1911 साली लातूरला पोहोचली. या इंजिनिअरचा सिद्धांत साधा होता. इंजिन असो वा डबा, कोणत्याही एका आसावर पाच टनांहून अधिक भार येता कामा नये. मग हलका रूळही मोठे ओझे सुखाने वाहतो.

जनाबाईच्या गावचा वारकरी आगगाडीने विठोबाच्या गावी जाऊ म्हणाला, तर त्याला मीटर मापाने परळी, रुंद मापाने लातूर रोड, मधला तुकडा गाडीवाटेने आणि लातूरपासून अरुंद मापाने पंढरपूर असा प्रवास पडे. एका विठ्ठलासाठी तीन मापांचे रूळ! पायी वारी करणाऱ्यांना हा हिशेब सांगितला असता, तर त्यांनी पायवाटच बरी म्हटले असते.

अशा या मार्गावर जी सामग्री होती, तिचे वर्णन केल्याशिवाय हा विषय पुरा व्हायचा नाही. कारण आता ती पाहावयास मिळणे कठीण झाले आहे. मीटर मार्गावरील एखादे लहान स्टेशन डोळ्यांसमोर आणावे. दोन्ही बाजूंना उंच खांबावर सिग्नलचे हात. हात आडवा असला म्हणजे गाडीने थांबावयाचे, खाली कलला म्हणजे यावयाचे. त्या हातापासून निघालेली तार रुळाच्या कडेने, लहान कप्प्यांवरून सरकत स्टेशनच्या दांड्यापर्यंत येई. उन्हाळ्यात तार लांबे, थंडीत आखडे. म्हणून सांधेवाल्याला ती ओढून-सैल करून नेमकी राखावी लागे. दिवस मावळला की दिवेवाला घासलेटचा दिवा घेऊन शिडीने खांबावर चढे. लाल आणि हिरव्या काचेमागे तो दिवा ठेवला म्हणजे कोसभर अंतरावरून ड्रायव्हरला रात्रीचा हुकूम वाचता येई. वळवाचा वारा सुटला असता त्या शिडीवर चढणे म्हणजे काय असते, हे त्या दिवेवाल्यालाच ठाऊक.

एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून जी युक्ती योजली होती, ती तर फारच सुंदर. दोन शेजारच्या स्टेशनांत एकेक लोखंडी यंत्र असे आणि त्यात पोलादी गोळे भरलेले असत. दोन्ही यंत्रे तारेने अशी जोडलेली की एका वेळी दोहोंतून मिळून एकच गोळा बाहेर निघावा. पलीकडच्या स्टेशनमास्तराने घंटीचे ठोके देऊन संमती दिल्याशिवाय इकडचा गोळा हलत नसे. तो हाती आला की कातडी पिशवीत घालून, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला बांधून ड्रायव्हरकडे जाई. गाडी न थांबणारी असली तर खलाशी फलाटाच्या टोकाशी कडे उंच धरून उभा राही. धावत्या इंजिनातून आगवाला बाहेर झुकून त्यात हात घाली आणि आधीचा गोळा खाली टाकी. एका क्षणाचा हा व्यवहार. हात चुकला तर गाडी थांबवून परत यावे लागे. शेकडो माणसांचे प्राण त्या मुठीएवढ्या गोळ्यावर अवलंबून असत आणि तो गोळा सांभाळणाऱ्याचा पगार मात्र मोजकाच होता.

फलाटाच्या टोकाला हत्तीच्या सोंडेसारखा पाण्याचा नळ. इंजिन त्याखाली येऊन उभे राहिले की आगवाला सोंड वळवून टाकीत घाली. वाफेच्या इंजिनाची तहान मोठी असे, आणि आमच्या कोरडवाहू मुलखात त्या तहानेपायी रेल्वेला विहिरी खणाव्या लागत, नदीवर पंप बसवावे लागत. मोठ्या स्टेशनात इंजिनाचे तोंड फिरवण्याची चक्री असे. इंजिन तिच्या बरोबर मध्यावर तोलून उभे केले की दोन-चार माणसे खांदा लावून ते सहज फिरवीत. पोरासोरांना हा खेळ वाटे; परंतु त्यात तोल साधण्याची विद्या होती. छावणीच्या स्टेशनात याखेरीज एक उतरता धक्का लागे. त्यावरून तोफा आणि घोडे सरळ डब्यात चढवता येत. छावण्या उठल्या तरी अशा धक्क्यांना काम मिळतेच; तोफेच्या जागी कापसाची गाठ येते, घोड्याच्या जागी बैल.

या सर्वांहून अधिक महत्त्वाची सामग्री म्हणजे माणसे. चावीवाला रोज आपल्या हद्दीतील रूळ पायी तपाशी. खांद्यावर हातोडा, कमरेला लाल-हिरवा बावटा. सैल झालेली चावी नुसत्या आवाजावरून ओळखणारे कान त्यांना होते. मुकादमाच्या हाकेवर सूर धरून रूळ सरकवणाऱ्या टोळ्या होत्या. त्यांची गाणी कोणी लिहून ठेवली नाहीत. ढकलगाडीवर छत्री लावून बसलेल्या साहेबाचे चित्र सर्वांच्या ध्यानात राहते. परंतु ती गाडी ढकलीत, अनवाणी पावलांनी तापलेल्या रुळावरून धावणाऱ्या दोन माणसांची आठवण कोण ठेवतो?

छावणी गेली तरी रूळ आणि फौज यांचे नाते मात्र तुटले नाही. 1914 साली पहिले महायुद्ध पेटले. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, हिंदुस्थानची फौज उतरली आणि तिच्यासाठी रूळ, इंजिने, डबे हिंदुस्थानातून जहाजांवर चढले. मीटर मापाची सामग्री बसऱ्यास गेली. 1920 साली बसऱ्याहून बगदादपर्यंत जो लोहमार्ग जोडला गेला तोही मीटर मापाचाच होता. खजुराच्या बनातून हिंदुस्थानी इंजिने धावू लागली. दुसऱ्या महायुद्धात याच्या उलट घडले. आसामच्या बाजूने ब्रह्मदेशाच्या आघाडीवर रसद पोहोचवण्याचे ओझे मीटर मापाच्या मार्गांवर पडले. 1944 च्या मार्चमध्ये अमेरिकी लष्कराच्या रेल्वे पलटणींनी त्यातील मोठा भाग चालवावयास घेतला आणि त्यासाठी अमेरिकेहून इंजिने आणवली. त्या इंजिनांना सेनापती मॅकआर्थर यांचे नाव पडले. युद्ध संपले, पलटणी मायदेशी गेल्या. मॅकआर्थर मात्र येथेच राहिली आणि रणगाड्यांऐवजी उतारूंना ओढू लागली. सैनिकाने शस्त्र खाली ठेवून नांगर हाती धरावा, तसा हा प्रकार.

मराठवाड्यापुरते बोलावयाचे तर या मार्गाने फौजेचे शेवटचे मोठे पर्व पाहिले ते 1948 साली. देश स्वतंत्र होऊन वर्ष लोटले, तरी निजामाचे राज्य वेगळेच होते. रझाकारांच्या अत्याचारांनी गावे हवालदिल झाली होती. स्टेशनावर उतरणारा माणूस कोण, याकडे भीतीने पाहण्याचे ते दिवस. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली लढा चालला होता. या स्वामींनी काही वर्षे अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत मुलांना शिकवले होते, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. ज्या गावात परक्या सत्तेचे घोडदळ ठाण मांडून होते, त्याच गावी तीन दशकांनी एक शिक्षक स्वातंत्र्याचे धडे देत होता! 13 सप्टेंबर रोजी भारतीय सेना चारी बाजूंनी निजामाच्या राज्यात शिरली. तिसऱ्या दिवशी औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, तिच्या हाती आले, आणि 17 सप्टेंबरला सर्व आटोपले. जुन्या छावण्यांच्या मुलखात पुन्हा सैनिकांचे बूट वाजले. पण या वेळी लोक दारे लावून बसले नाहीत, हार घेऊन बाहेर आले.

त्यानंतरची हकीकत नोंदवहीतील नोंदीसारखी आहे. निजामाच्या सरकारने ही रेल्वे 1930 सालीच कंपनीकडून विकत घेतली होती. 1951 साली ती मध्य रेल्वेत आली, 1966 साली दक्षिण मध्य रेल्वेत गेली. हिंगोलीचा खुंटलेला फाटा स्वातंत्र्यानंतर अकोला-खांडव्याकडे जोडला गेला. 1992 पासून देशभर एकाच रुंद मापाचे धोरण आले आणि गोदाकाठचे मीटर रूळ तुकड्या-तुकड्याने उखडले गेले. पूर्णा-अकोला मार्ग 2008 साली रुंद झाला. लोकांनी या बदलासाठी वर्षानुवर्षे अर्ज केले होते, सभा घेतल्या होत्या. मनमाडला बोचकी उतरवण्याचा त्रास संपला आणि मुंबईची गाडी थेट दारात आली. जुन्याच्या प्रेमापोटी या सुखाला नावे ठेवणे हा कृतघ्नपणा होईल.

तथापि एक गोष्ट मनाला लागून राहते. रूळ उखडले तेव्हा त्यांच्याबरोबर सिग्नलचे हात गेले, चक्र्या गेल्या, पाण्याच्या सोंडा गेल्या, पोलादी गोळे गेले. लोखंड तेवढे वजनावर विकले जाते. त्याच्या अंगावरचा इतिहास कोणी तराजूत घालीत नाही. निजामाच्या रेल्वेचा 1914 सालचा मॉरिस कंपनीचा आग विझवण्याचा बंब दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जपून ठेवला आहे. दूरदूरचे लोक तो पाहून कौतुक करतात. अजमेरच्या कारखान्यात 1895 साली तयार झालेले मीटर मापाचे इंजिनही तेथे आहे. हे योग्यच झाले. परंतु ज्या मुलखाच्या पैशाने, घामाने आणि कापसाने ही रेल्वे चालली, त्या मुलखातील मुलाला सिग्नलचा हात पाहण्यासाठी दिल्लीची वाट धरावी लागावी, हे काही बरे नव्हे.

आणि येथे केवळ लोखंडाचा प्रश्न नाही. छावण्या इंग्रजांच्या होत्या म्हणून त्यांची दप्तरे नीट राहिली. कोणत्या साली कोणती पलटण कोठे होती, तिचा सेनापती कोण, हे सारे ग्रंथात सापडते. परंतु त्या फौजेपाठोपाठ आलेला रूळ पाऊणशे-शंभर वर्षे ज्यांनी सांभाळला, त्या सांधेवाल्यांची, दिवेवाल्यांची आणि चावीवाल्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. त्यांच्यातील शेवटचे काही आज वार्धक्यात आहेत. परभणी, पूर्णा, परळी, गंगाखेड येथील कितीतरी घरांत असे एखादे आजोबा असतील. माळ्यावर त्यांचा तिरंगी काचांचा हातदिवा धूळ खात पडलेला असेल, पेटीत एखादी पितळी शिट्टी असेल. तो दिवा भंगारवाल्याला देण्यापूर्वी त्याला एकदा पुसावे आणि आजोबांपुढे ठेवावा. घंटीच्या कोणत्या ठोक्याचा काय अर्थ होता, पुराच्या रात्री पुलावर पहारा कसा दिला, हे त्यांना विचारावे आणि घरातील शिकत्या मुलाकडून ते वहीत लिहवून घ्यावे. यासाठी सरकारची मंजुरी लागत नाही, वर्गणीही लागत नाही. शाळेच्या कपाटात असा एखादा दिवा, एखादे जुने पुठ्ठ्याचे तिकीट आणि शेजारी ती वही ठेवली, तर गावाचे लहानसे संग्रहालय तेवढ्यातच उभे राहील.

संध्याकाळी पुलावरून गाडी जाते तेव्हा आजही हात जोडले जातात. ते नदीला असतात आणि तसेच असावेत. मात्र हात जोडणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की, ही वाट फौजेसाठी आखली गेली, रयतेच्या पैशाने बांधली गेली आणि शेवटी रयतेनेच आपलीशी केली. छावणी मोडते; रूळ बदलतात. ज्यांनी ती वाट रात्रंदिवस जागून सुरक्षित ठेवली, त्यांची आठवण तेवढी आपल्या हाती आहे. ती राखणे किंवा भंगारात घालणे, हेही आपल्याच हाती आहे.